नवा खाद्यपदार्थ घडवण्याचं काम : नाशिकमधून सुरुवात करणाऱ्यांसाठी

नोकरीला लागून चारच महिने झाले होते, तेव्हा मी एक चिवडा तयार केला होता. पातळ पोहे, तळलेला कांदा, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि वरून आपल्याच जिल्ह्यातला बेदाणा. ज्यांनी ज्यांनी चाखला, त्यांना आवडला. चांगल्या जाड पाऊचमध्ये भरून नमुने कपाटात ठेवले. पाचव्या आठवड्यात एक पाऊच फोडलं, तर पोहे सादळलेले आणि बेदाणा दाताखाली खडा यावा तसा कडक. पाऊच कुठे फाटलं नव्हतं, सीलही पक्कं होतं. ओल बाहेरून आलीच नव्हती. बेदाण्यात साधारण १५ टक्के पाणी असतं, तळलेल्या पोह्यात जेमतेम दोन-तीन टक्के. बंद पाऊचमध्ये महिनाभर ते पाणी बेदाण्यातून पोह्यांकडे सरकत राहिलं आणि दोन्ही जिन्नस बिघडले.

हे काम नेमकं कशाचं आहे, ते मला त्या पाऊचने शिकवलं. चविष्ट चिवडा नाशकात घरोघरी होतो. कंपनी पगार देते ती पुढच्या गोष्टीसाठी : तो चिवडा नव्वदाव्या दिवशीही पहिल्या दिवसासारखा लागला पाहिजे, जुलैच्या पावसात चिपळूणच्या दुकानात पोचला तरी टिकला पाहिजे, आणि शंभरावी बॅच पहिल्या बॅचसारखीच उतरली पाहिजे. ज्यांना या क्षेत्रात यायचं आहे, त्यांच्यासाठी वाट पायरीपायरीने सांगते.

आधी शिक्षणाचं बघू

बारावी विज्ञाननंतर फूड टेक्नॉलॉजीची बी. टेक. हा सरळ रस्ता. राज्यातल्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते. नाशकातच के. के. वाघ संस्थेचं अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय १९७६ पासूनचं, त्यामुळे राज्यातल्या कुठल्याही कारखान्यात गेलात तरी तिथला एखादा तरी माजी विद्यार्थी भेटतोच. मुंबईची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), म्हणजे जुन्या लोकांची यूडीसीटी, हिचं नाव या धंद्यात फार मोठं आहे. केंद्र सरकारच्या निफ्टेम या संस्था हरियाणात कुंडलीला आणि तमिळनाडूत तंजावरला आहेत, तिथे जेईई मेनच्या गुणांवर प्रवेश होतो. बारावीच्या कुठल्या गटाला (गणित की जीवशास्त्र) कुठे प्रवेश मिळतो, ते त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा, शेजारच्या मुलाच्या सांगण्यावर विसंबू नका.

रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात बी. एस्सी. झालेल्यांनी वाट चुकली असं मुळीच समजू नये. पुढे एम. एस्सी. फूड टेक्नॉलॉजी करता येतं. म्हैसूरची सीएफटीआरआय ही केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था त्यासाठी देशात नावाजलेली आहे, तिथे कमी मुदतीचे अभ्यासक्रमही चालतात. माझ्या पाहण्यातल्या, नवे पदार्थ घडवणाऱ्या चांगल्या विकसकांपैकी बरेच जण मुळात सूक्ष्मजीवशास्त्राचे. पदार्थ कशाने नासतो हे त्यांना आधीपासून ठाऊक असतं आणि हे ज्ञान रोज लागतं.

वही आणि वजनकाटा

पदवी मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, एक थर्मामीटर आणि एक जाड वही, एवढ्यावर आजपासून काम सुरू होतं.

सरावासाठी नागली, म्हणजे नाचणी, घ्या. पेठ-सुरगाण्याकडची नागली नाशकात सहज मिळते, आणि तिच्यात ग्लुटेन नसल्यामुळे ती भरपूर शिकवते. नागलीच्या पिठात गार पाणी घालून मळा आणि लाटायला घ्या. पोळी कडेने फाटेल, उचलताना तुकडे पडतील. आता तेच १०० ग्रॅम पीठ उकळत्या पाण्यात घालून उकड काढा, झाकून ठेवा आणि मग मळा. आता ते लाटलं जातं. आजीला हे ठाऊक होतंच. तुम्हाला त्यामागचं कारणही सांगता आलं पाहिजे : गरम पाण्यात पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि गव्हातलं ग्लुटेन जे बांधून ठेवण्याचं काम करतं, त्यातलं थोडं हा स्टार्च करतो.

आता त्याच उकडीच्या शंकरपाळ्या करा. पहिल्या बॅचला नुसती नागली, दुसरीला नागलीच्या पिठातलं २५ टक्के काढून त्या जागी गव्हाचं पीठ, तिसरीला ५० टक्के. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तेल बदललं, जाडी बदलली आणि पीठही बदललं, तर फरक कशामुळे पडला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. वहीत तारीख, बॅच क्रमांक, प्रत्येक जिन्नस ग्रॅममध्ये आणि पिठाच्या टक्क्यांत (पीठ १०० धरून), तेलाचं तापमान, तळायला लागलेला वेळ, तळण्याआधीचं आणि नंतरचं वजन लिहा. ‘चवीपुरतं मीठ’ आणि ‘लालसर होईपर्यंत’ हे शब्द या वहीत येता कामा नयेत. लालसर म्हणजे किती, हे दाखवायला मोबाइलवर खिडकीशी, दर वेळी त्याच जागी ठेवून फोटो काढा.

बिघडलेल्या बॅचचं पान फाडू नका. उमेदवाराची वही मी पाहते तेव्हा आधी बिघडलेल्या बॅचच शोधते. काय चुकलं, त्याचा अंदाज काय बांधला आणि पुढच्या बॅचमध्ये काय बदललं, या तीन ओळींवरून माणूस कळतो.

टिकण्यामागचे चार आकडे

पहिला आकडा वॉटर अ‍ॅक्टिव्हिटीचा. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं किती पाणी मोकळं आहे, हे तो सांगतो. शुद्ध पाण्याचा आकडा १. तो ०.८५ च्या खाली गेला की माणसाला आजारी पाडणारे जिवाणू सहसा वाढू शकत नाहीत, आणि ०.६ च्या खाली बुरशीसुद्धा येत नाही. मुरंब्यात पाणी भरपूर असतं, पण साखरेने ते धरून ठेवलेलं असतं, म्हणून तो टिकतो. माझ्या चिवड्यातलं कोडंही इथेच होतं. पाणी नेहमी जास्त आकड्याकडून कमी आकड्याकडे सरकतं, दोन्ही आकडे सारखे होईपर्यंत. उपाय तीन होते : बेदाणा आणखी वाळवायचा, त्यावर पाणी अडवणारा थर द्यायचा, किंवा त्याची वेगळी पुडी करायची. पहिल्याने तो चावेना, दुसरा उपाय खर्चात बसेना, शेवटी आम्ही बेदाणा काढूनच टाकला. असे निर्णयही या कामात घ्यावे लागतात आणि ते घेताना जीव तुटतो.

दुसरा आकडा पीएच, म्हणजे आंबटपणाचा. इथली लक्ष्मणरेषा ४.६ ची. त्याच्या वरच्या, म्हणजे कमी आंबट पदार्थात, हवाबंद डब्यात किंवा पाऊचमध्ये क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा अत्यंत घातक विष तयार करणारा जिवाणू वाढू शकतो. टोमॅटो केचपला साधी उष्णता का पुरते आणि उसळीला का पुरत नाही, याचं उत्तर या आकड्यात आहे.

तिसरा ब्रिक्स, विरघळलेल्या घन पदार्थांचा. निफाड-दिंडोरीकडच्या वाचकांना हा शिकवायला नको, द्राक्षात गोडी किती उतरली ते पाहायला वडिलांच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर असतोच. तोच इथेही चालतो, फक्त त्याची मोजायची कक्षा किती आहे ते बघून घ्या, द्राक्षाचा साधारण ३२ पर्यंतच दाखवतो. आपल्या नियमांनुसार केचपमध्ये विद्राव्य घन पदार्थ किमान २५ टक्के लागतात, जॅममध्ये ६५ टक्के.

चौथा आकडा तेलाच्या तब्येतीचा. तळलेला पदार्थ सादळला नाही तरी खवट होतोच, कारण तेलाला हवा, उजेड आणि उष्णता सोसत नाहीत. प्रयोगशाळेत त्यासाठी पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेल किती खवटायला लागलंय ते सांगणारा आकडा, काढतात. घरी नाक पुरतं, मात्र तुलनेला ताजा नमुना हवा. म्हणून प्रत्येक बॅचचा एक डबा फ्रिजमध्ये ठेवा, एक कपाटात, एक घरातल्या उबदार जागी. तापमान १० अंशांनी वाढलं की बिघाडाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. दर आठवड्याला तिन्ही डबे उघडून शेजारी शेजारी हुंगा आणि लिहा. ही सवय लागली की वासाला तारीख चिकटते, कुठलाही फरसाण हातात आला की किती जुना असेल ते नाकच सांगायला लागतं.

जीभ तयार करणं

‘छान लागतंय’ हे वाक्य या धंद्यात निरुपयोगी आहे. सुदैवाने आपली भाषा इथे फार श्रीमंत आहे. खुसखुशीत आणि कुरकुरीत हे दोन वेगळे गुण आहेत : मोहन जास्त पडलं की पदार्थ तोंडात भुगा होतो तो खुसखुशीत, आणि चावताना आवाज होतो तो कुरकुरीत. चिवट, गिळगिळीत, तुरट, उग्र, करपट, खमंग, प्रत्येक शब्दाशी एकेक खरा नमुना जोडून ठेवा. पुढे इंग्रजी शब्द शिकावेच लागतील, ते या पायावर पटकन बसतात.

घरच्यांना खायला देऊन मत विचारलं तर प्रेमापोटी सगळे गोडच बोलतात. त्याऐवजी त्रिकोणी चाचणी घ्या. तीन सारख्या वाट्या, दोनमध्ये एकच बॅच, तिसरीत दुसरी. वेगळी वाटी कोणती, एवढंच विचारायचं. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक जण बरोबर सांगेल, म्हणून १० जणांपैकी किमान ७ जणांनी ओळखली तरच फरक खरा मानायचा. महागड्या तेलाऐवजी स्वस्त तेल वापरलं तर गिऱ्हाइकाला कळेल का, असले प्रश्न कंपनीत याच पद्धतीने सोडवतात.

पाकिटाची मागची बाजू

एखाद्या रविवारी किराण्याच्या दुकानात जाऊन २० पाकिटांच्या मागचा मजकूर वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे ‘बदाम’ मोठ्या अक्षरात पुढे आणि यादीत साखरेच्या कितीतरी खाली, हे लगेच लक्षात येतं. आयएनएस क्रमांक, म्हणजे पदार्थात मिसळलेल्या अ‍ॅडिटिव्हचे आंतरराष्ट्रीय क्रमांक, पाठ होऊ द्या : ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, २११ सोडियम बेंझोएट, २०२ पोटॅशियम सॉर्बेट, ३१९ टीबीएचक्यू, ४१५ झँथन गम. प्रत्येक क्रमांक तिथे का आहे, याचा तर्क करा. आपल्या अन्नसुरक्षेचा मूळ कायदा २००६ चा, लेबलचे सध्याचे नियम २०२० चे. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर सगळं फुकट वाचायला मिळतं. कोणत्या पदार्थात कोणता घटक किती चालतो हे न बघता पाककृती बसवली, तर सहा महिन्यांचं काम एका दिवसात वाया जातं.

नाशिकचा फायदा घ्या

कच्चा माल जवळून पाहायची जी सोय आपल्याला आहे, ती मुंबई-पुण्याच्या मुलांना नाही. ऑगस्टनंतर पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचे लिलाव बघायला जा. क्रेटमधला टणक, जाड सालीचा टोमॅटो लांबच्या प्रवासासाठी निवडलेला असतो. सॉससाठी हवा असतो गर्द लाल आणि जास्त घन पदार्थ असलेला, कारण जितकं पाणी कमी, तितकं आटवायचं इंधन कमी. कांद्याचंही तसंच. लासलगाव आपल्याकडे असूनही कांदा वाळवण्याची मोठी कारखानदारी गुजरातेत महुव्याला आहे, आणि तिथे पांढऱ्या कांद्याला पसंती असते, त्यात घन पदार्थ जास्त म्हणून. दर १०० किलो कांद्यामागे एक-दोन किलो वाळलेला माल जास्त मिळाला, तरी कारखान्याचं गणित बदलतं.

लासलगावलाच भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून गॅमा किरण वापरता येतात, आणि २००७ मध्ये अमेरिकेला गेलेल्या भारतीय आंब्यांवरही तिथेच प्रक्रिया झाली होती. मोहाडीला सह्याद्री फार्म्स, विंचूरला वाइन पार्क, शहरात भगर मिल, अंबड-सातपूरला आणि सिन्नरला लहान-मोठे खाद्य कारखाने. कॉलेजच्या सहली जिथे जातात तिथे जाच, पण भगर मिलमध्ये स्वतःहून परवानगी मागून एक दिवस उभे राहा. वरईचं साल कसं निघतं, कणी किती पडते, हे पाहिल्याशिवाय तृणधान्यावर काही नवं करायला जाऊ नये.

पहिली नोकरी

विकसन विभागात थेट जागा कमी निघतात. बहुतेक जण गुणवत्ता तपासणीतून किंवा उत्पादनातून आत येतात, आणि माझ्या मते तेच बरं. वर्षभर रात्रपाळीत मशीनशेजारी उभं राहिलेल्या माणसाला कागदावरची कोणती पाककृती लाइनवर चालणार नाही ते आधीच कळतं. लहान कंपनीला कमी लेखू नका. मोठ्या ठिकाणी तुम्ही दोन वर्षं फक्त बिस्किटाचं क्रीम करत बसाल, लहान ठिकाणी खरेदी, चाचणी, लेबल, पॅकिंग सगळं एकाच आठवड्यात अंगावर येतं.

मुलाखतीत मी एक प्रश्न हमखास विचारते : नाशिकची मिसळ सहा महिने टिकेल अशी पॅक करायची आहे, कशी कराल? ‘प्रिझर्व्हेटिव्ह घालेन’ म्हणणाऱ्याशी बोलणं लवकर संपतं. चांगला उमेदवार आधी मिसळ सुटी करतो. मटकीची उसळ पीएचने ४.६ च्या वर, म्हणजे ती रिटॉर्ट पाऊचमध्ये (दाबाखालची जास्त उष्णता सोसणाऱ्या पाऊचमध्ये) १२१ अंशांच्या आसपास निर्जंतुक करावी लागेल. त्या उष्णतेत मोड आलेली मटकी गळून जाईल, म्हणून आधी ती अर्धीकच्ची ठेवावी लागेल. तर्रीचं तेल वर तरंगून पाऊचला चिकटेल, तिचा रंगही उतरेल, मग ती वेगळी द्यायची का? फरसाण तर नायट्रोजन भरलेल्या वेगळ्या पुडीतच जाणार. कांदा-लिंबू गिऱ्हाइकाने घरचं घ्यावं. पाव नको, पापड चालेल. याला एकच बरोबर उत्तर नाही. पण असं तुकडे पाडून विचार करणारा माणूस मी लगेच घेते, मग त्याचे गुण कितीही असोत.

आत गेल्यावर

पहिला मोठा धक्का बसतो तो घरच्या दोन किलोंवरून २०० लिटरच्या केटलवर, म्हणजे कारखान्यातल्या मोठ्या शिजवायच्या भांड्यावर, जाताना. कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही कढईत २० मिनिटांत होते. केटलमध्ये तिला दीड तासही लागू शकतो, कारण माल शंभर पट झाला तरी वाफ निघून जायला मिळणारा पृष्ठभाग तितका वाढत नाही. तेवढा वेळ शिजून रंग तपकिरी होतो, मसाल्याचा वास उडतो. म्हणून मसाला शेवटी घालायचा, पाणी सुरुवातीलाच कमी धरायचं, गरजेप्रमाणे प्युरेऐवजी पेस्ट वापरायची. मोठ्या ट्रायलच्या दिवशी ऑपरेटरदादांना आधी भेटा, काय करायचंय ते सांगा आणि त्यांचं ऐका. कोणता व्हॉल्व्ह गळतो, कोणत्या कोपऱ्यात माल लागतो, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नसतं.

एक प्रसंग सांगते. एका ठिकाणी मला एक महिन्याच्या चाचणीवर पाकिटावर सहा महिन्यांची मुदत छापायला सांगितलं होतं. हंगाम तोंडावर होता, पाकिटांची ऑर्डर अडली होती. मी नाही म्हटलं आणि मला जेवढी मुदत सिद्ध करता आली तेवढीच लिहून दिली. त्यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं आणि वर्षभरात मी ती जागा सोडली. असा प्रसंग तुमच्यावरही येईल. त्या पाकिटातलं कुणाचं तरी लेकरू खाणार असतं. तेव्हा चाचणीच्या तारखा आणि आकडे सहीनिशी लिहून ठेवा, आणि जे सिद्ध झालं नाही त्यावर सही करू नका.

अर्ज कधी करायचा

हंगामाच्या दोन महिने आधी. टोमॅटोवाल्यांकडे जून-जुलैत, द्राक्ष आणि बेदाण्यावाल्यांकडे नोव्हेंबरमध्ये, फरसाण-मिठाईवाल्यांकडे पावसाळ्याच्या तोंडाला, कारण त्यांची दिवाळीची तयारी तेव्हाच सुरू होते. हंगाम भरात असताना कुणाला मान वर करायला वेळ नसतो. अर्ज एका पानाचा करा. भेटायला जाताना वही न्या आणि स्वतः केलेल्या एकाच पदार्थाचे तीन नमुने न्या : कालचा, महिन्यापूर्वीचा आणि तीन महिन्यांपूर्वीचा, प्रत्येकावर तारीख घातलेला. म्हणजे नोव्हेंबरमध्ये जायचं असेल, तर पहिली बॅच ऑगस्टमध्ये भरून ठेवावी लागेल.